हरवले, हरले, गेले : इंग्रजी ‘लूझ’चे मराठी वाटेकरी

इंग्रजीतील ‘लूझ’ हे क्रियापद किल्ली, सामना, नोकरी, वजन, आवाज, वाट, पैसा आणि आई या सगळ्यांना चालते. मराठीत किल्ली हरवते, सामना हरतात, नोकरी जाते, वजन उतरते, आवाज बसतो, वाट चुकते, पैसा बुडतो आणि आई जाते. आठ ठिकाणी सात क्रियापदे झाली. नोकरी आणि आई यांच्या वाट्याला तेवढे एकच ‘जाणे’ आले आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि त्याच परंपरेतील इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांच्या हातून १८४७ मध्ये पुरा झाला. तेव्हापासून इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्दांची रांग मांडण्याची रीत पडली आहे. रांगेत स्वल्पविराम असतात, पण कोणता शब्द कुठे चालतो हे स्वल्पविराम सांगत नाही. विद्यार्थी पहिला शब्द उचलतो आणि ‘मी मॅच हरवली’ असे लिहून मोकळा होतो.

मराठीने ही वाटणी कशाच्या आधारे केली, हा खरा प्रश्न आहे. वस्तू मोठी की लहान, किमती की क्षुल्लक, यावर ती झालेली नाही. गेलेल्या गोष्टीत दोष कोणाचा, यावर ती बऱ्याच अंशी झाली आहे. वस्तू आपसूक गेली, माणसाने हलगर्जीपणाने घालवली, दुसऱ्याने बुडवली, नशिबाने हिरावली की कोणी काही केलेच नाही, हे मराठी वक्त्याला क्रियापद निवडतानाच ठरवावे लागते. इंग्रजी वक्ता ते पुढच्या वाक्यावर ढकलू शकतो.

इंग्रजीही आरंभापासून अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत ‘लोसियन’ म्हणजे नाश पावणे, नाहीसे होणे. तेथे गेलेली वस्तू कर्ता असे आणि ज्याची ती गेली त्याचे नाव चतुर्थीत येई. म्हणजे रचना ‘त्याला ते नाहीसे झाले’ अशी. पुढच्या शतकांत इंग्रजी वाक्याला माणूस कर्त्याच्या जागी बसवण्याची सवय लागली आणि हे क्रियापद सकर्मक झाले. आज इंग्रजीत माणूस छत्री ‘लूझ’ करतो, जणू ते त्याने केलेले एक कामच. ‘फॉरलॉर्न’ म्हणजे एकाकी, टाकलेला, आणि ‘होमलेस’मधला ‘लेस’ हा प्रत्यय, ही त्याच कुळातली भावंडे. सैल या अर्थाचा ‘लूस’ हाही दूरचा नातलग आहे. स्पेलिंगमध्ये एका ‘ओ’चा आणि उच्चारात ‘झ’-‘स’चा फरक असलेली ही जोडी खुद्द इंग्रजांनाही चकवते, तेव्हा मराठी मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही.

मराठी वाक्यात कर्त्याची जागा बहुतेक वेळा वस्तूकडेच राहिली. ‘त्याचे पाकीट हरवले’ यात पाकीट कर्ता आहे. माणूस षष्ठीत, बाजूला उभा. ‘त्याने पाकीट हरवले’ असेही म्हणता येते, पण मग वाक्यात रागवणाऱ्या आईचा किंवा बायकोचा आवाज ऐकू येतो. आणि ‘त्याने त्याला हरवले’ म्हटले की तिसराच अर्थ, पराभूत केले. एकच रूप अकर्मक, सकर्मक आणि पराभवाचे प्रयोजक अशी तीन कामे करते, आणि ऐकणारा गोंधळत नाही, कारण निर्जीव पाकिटाला कोणी पराभूत करत नसते. अडचण येते ती कर्म माणूस असेल तर. ‘जत्रेत त्याने मुलाला हरवले’ हे वाक्य कुस्तीच्या फडातले की पाळण्यांजवळचे, हे संदर्भाशिवाय कळणार नाही.

बोलण्यात तर याहूनही सौम्य वाट काढलेली आढळते. नाशिकरोडहून पंचवटीला येणारा प्रवासी ‘छत्री हरवली’ असे सहसा म्हणत नाही. ‘छत्री रिक्षात राहिली’ म्हणतो. छत्री होती तिथेच आहे, माणूस पुढे गेला, एवढीच ती हकिकत. दोषाचा लवलेश नाही. ‘विसरली’ म्हटले तर थोडा दोष कबूल होतो, ‘हरवली’ म्हटले तर शोध थांबल्याची कबुली होते.

या सर्व शब्दांची परीक्षा एकाच ठिकाणी होते ती सिंहस्थात. नाशिकचे रामकुंड आणि त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त येथे दर बारा वर्षांनी भरणाऱ्या या मेळ्याची अलीकडची पर्वे २००३ आणि २०१५ ची, पुढचे २०२७ चे. लाखोंच्या गर्दीत माणसांची ताटातूट होते आणि ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात. तेथे एकाच घटनेला तीन शब्द मिळतात. सोबतचे लोक सांगतात, ‘आमची आजी चुकली’. फलकावर लिहिलेले असते ‘हरवले-सापडले’. आणि रात्र उलटूनही आजी भेटली नाही, की पोलिसांच्या वहीत ती ‘बेपत्ता’ होते. चुकणे तासाभराचे असते, हरवणे दिवसाचे आणि बेपत्ता होणे त्यापुढचे. प्रयागच्या मेळ्यात यालाच ‘भूले-भटके’ म्हणतात. हिंदी शब्दजोडीत विसरणारा आणि भटकणारा माणूसच आहे. मराठी फलकाने हरवण्याबरोबर सापडणेही एकाच पाटीवर लिहून टाकले, हे नोंदवण्याजोगे.

‘चुकणे’ हा या कुळातला सर्वांत उदार शब्द. गणित चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते, वाट चुकते आणि माणूसही चुकतो; शेवटच्याचे दोन अर्थ होतात, अपराध करणे आणि गर्दीत दुरावणे. ‘चुकामूक’ या जोडशब्दात तर चुकणे आणि मुकणे शेजारी उभे दिसतात. सह्याद्रीच्या रानात वाट चुकलेल्याला ‘चकवा लागला’ असे म्हणतात. माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो आणि दोष चकव्याचा ठरतो. मराठी परंपरेतील सर्वांत फलदायी चुकामूक याच नाशिक जिल्ह्यात घडली अशी श्रद्धा आहे. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत मुलांसह त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, सगळे पांगले आणि निवृत्ती एकटाच एका गुहेत शिरला. तेथे त्याला गहिनीनाथ भेटले. निवृत्तिनाथांकडून तो उपदेश ज्ञानदेवांकडे गेला. १२९० च्या ज्ञानेश्वरीत ‘हारपणे’ हे क्रियापद वारंवार येते आणि तेथे ते दुःखाचे असेलच असे नाही. हारपणे म्हणजे वेगळेपण विरून जाणे, लय पावणे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरीच आहे.

हेच ‘हारपणे’ आजच्या मराठीत ‘हरपणे’ होऊन अगदी थोड्या कर्त्यांपुरते उरले आहे. भान हरपते, शुद्ध हरपते, देहभान हरपते. आणि मृत्यूच्या बातम्यांत छत्र हरपते, आधारवड हरपतो. किल्ली कधी हरपत नाही. म्हणजे जे हाताने धरता येत नाही तेच हरपते. वृत्तपत्रांनी आधारवड इतका झिजवला आहे की त्याची सावली आता फारशी पडत नाही, पण ‘भान हरपणे’ अजून ताजे आहे. इंग्रजीतल्या ‘संगीतात लॉस्ट होणे’ याला मराठीचे खरे उत्तर तेच. अलीकडे दिसणारे ‘गाण्यात हरवून जाणे’ चुकीचे नाही, फक्त ते अधिक नवे आणि किंचित गुळमट आहे.

हरणे, हरवणे, हरपणे, हार आणि हरण या सर्वांच्या मुळाशी संस्कृत ‘हृ’ धातू आहे, म्हणजे नेणे, हिरावून घेणे. जो हरतो त्याच्याकडून काहीतरी नेले जाते, असा हा मूळ विचार. नाशिकच्या भूगोलात तो कोरलेलाच आहे. पंचवटीतील सीतागुंफा जेथे दाखवतात, तेथून सीतेचे हरण झाले अशी लोकश्रद्धा आहे. तिला भुलवायला आले तेही हरणच. मात्र प्राणी हरण आणि क्रिया हरण यांचे उच्चार जुळले तरी कुळे वेगळी. पहिले ‘हरिण’ या शब्दावरून आले, त्याच्या पिंगट रंगावरून. कीर्तनकार या योगायोगाचा फायदा घेतात आणि श्लेष उत्तम साधतो, पण व्युत्पत्ती म्हणून तो टिकत नाही. खुद्द शहराच्या नावामागेही हानीचीच कथा सांगतात: लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका कापली म्हणून नासिक. नऊ शिखरांवरून ‘नवशिख’ आणि त्यावरून नाशिक, अशी दुसरी उपपत्तीही प्रचलित आहे. पहिली अधिक लोकप्रिय ठरली यात नवल नाही, कारण अब्रू जाणे याला मराठीत ‘नाक कापले जाणे’ असेच म्हणतात.

‘हार’ हा शब्द लिंग बदलला की अर्थ बदलतो. तो हार गळ्यात पडतो, ती हार पदरात. पराभवाच्या अर्थाचे ‘हरणे’ व्याकरणाच्या दृष्टीनेही वेगळे आहे. त्याला कर्म चालते, पण भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही. ‘तो पैज हरला’ असे म्हणतात, ‘त्याने पैज हरली’ असे नाही. ‘शिकणे’ आणि ‘विसरणे’ हीही अशीच वागतात. परिणाम असा की हरणारा माणूस वाक्यात कृती करणारा न वाटता अनुभव घेणारा वाटतो. महाभारतातल्या द्यूतसभेत युधिष्ठिर राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि मग द्रौपदीला हरला. द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न क्रमाचा होता: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. हरणे ही एक घटना आहे, पण हरण्यासाठी आधी मालकी असावी लागते, हा कायद्याचा मुद्दा त्या प्रश्नात होता.

निवडणुकीत मराठी माणूस हरत नाही, ‘पडतो’. ‘अमुक पडला, तमुक आला’ एवढ्यावर गावची चर्चा भागते. पराभव, पराजय हे मथळ्यांचे शब्द. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मते मिळाली तर अनामत रक्कम जप्त होते आणि ‘डिपॉझिट गेले’ हा पडण्याच्याही खालचा मजला. चीन युद्धाच्या काळात संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. कोणीच न पडता एक जण आला, अशी ती दुर्मीळ निवडणूक. कुस्तीत मल्ल चीत होतो किंवा आस्मान पाहतो. क्रिकेटच्या मराठीने मात्र ‘गमावणे’ जवळ केले: नाणेफेक गमावली, बळी गमावले, सामना गमावला. खेळ इंग्रजी, तेव्हा त्याच्याबरोबर वाक्यरचनाही आली असावी.

‘गमावणे’ हे मराठीतले ‘लूझ’ला सर्वांत जवळचे क्रियापद, कारण येथे माणूस पुरता कर्ता आहे. मूळ ‘गम्’, जाणे. गमावणे म्हणजे जाऊ देणे. ज्याने गमावले त्याला राखता आले असते, हा गर्भित आरोप या शब्दात असतो. म्हणून संधी, विश्वास, मैत्री, पत या गोष्टी गमावतात. ‘घालवणे’ त्याच्याही पुढे जाते. वेळ, पैसा, इभ्रत घालवणाऱ्याबद्दल सहानुभूती नसते. ‘बापजाद्यांची शेती घालवली’ या वाक्यापुढे बचाव चालत नाही. उलट टोकाला ‘मुकणे’. ते प्राकृत ‘मुक्क’ म्हणजे मुक्त यावरून आले आणि गेलेल्या गोष्टीला ‘ला’ लावते: डोळ्याला मुकला, शिष्यवृत्तीला मुकला, प्राणाला मुकला. येथे माणूस निर्दोष असतो, परिस्थिती अन्याय करते. सरकारी चुकीमुळे अनुदान न मिळालेला शेतकरी अनुदानाला ‘मुकतो’. मुदतीत अर्ज न भरणारा ते ‘गमावतो’. बातमीदाराने यांतला कोणता शब्द वापरला यावरून त्याचे मत न विचारता कळते.

शरीर आणि मन यांच्या बाबतीत मराठी एकही सामान्य क्रियापद वापरायला तयार नाही. आवाज बसतो, भूक मरते, झोप उडते, तोल जातो, संयम सुटतो, धीर खचतो, विश्वास उडतो, नजर अधू होते, रंग विटतो, धार बोथटते. घड्याळ वेळ ‘लूझ’ करत नाही, मागे पडते. प्रत्येक ठिकाणी जाणाऱ्या गोष्टीच्या स्वभावाप्रमाणे क्रियापद आहे. झोप हलकी, म्हणून उडते. आवाज उभा असतो, म्हणून बसतो. जाहिरातीतले ‘वजन गमावा’ वाचून हसू येते ते यामुळे. वजन गमावणे म्हणजे समाजातली पत जाणे.

मृत्यूच्या संदर्भात फरक सर्वांत खोल आहे. ‘तिने पती गमावला’ हे वाक्य आता बातम्यांत स्थिरावले आहे, घरात मात्र ते कोणी उच्चारत नाही. घरात ‘ते गेले’, ‘आई गेली’. पेशवे घराण्यातील गोपिकाबाई उत्तरायुष्यात नाशिकजवळ गंगापूरला राहिल्या आणि १७८८ मध्ये नाशिक येथेच त्यांचा शेवट झाला. त्यांच्याबद्दल इंग्रजीत एका वाक्यात सांगता येईल की त्यांनी पती आणि तीन मुलगे ‘लॉस्ट’. मराठीत चार क्रियापदे लागतात. थोरले विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले. पती नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर निवर्तले. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले. नारायणराव १७७३ मध्ये शनिवारवाड्यात मारले गेले. या चारांना ‘गमावले’ या एका पिशवीत भरणे म्हणजे इतिहासच गाळणे. पानिपतची वार्ता पेशव्यांपर्यंत आली ती सावकारी सांकेतिक भाषेत: मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाने, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. माणसांची हानी पैशांच्या शब्दांत सांगितली गेली, कारण पैशांच्या हानीचे शब्द वाटेत कोणी वाचले तरी संशय येत नव्हता.

काही हानींचे नाव घेणेच मराठी टाळते. मंगळसूत्र तुटले असे न म्हणता ‘वाढवले’ म्हणतात, बांगडी फुटली तर ती ‘वाढली’, दुकान बंद केले तर दुकानही ‘वाढवले’. घट सांगायला वाढीचा शब्द, असा हा शिष्टाचार आहे.

आता बाजार. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, कांद्याच्या उलाढालीमुळे देशभर नाव झालेली. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या बोलण्यात पैशांच्या हानीचे जेवढे शब्द आहेत तेवढे शहरी लेखापालाकडे नसतील, आणि त्यांतला प्रत्येक वेगळा आहे. चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्यात येते ती ‘घट’: पाणी उडून वजन उतरते, काही माल सडतो, काहीला कोंब येतात. भाव उत्पादनखर्चाच्या खाली आला तर होतो तो ‘तोटा’. हा ‘तुटणे’च्या कुळातला, ‘तूट’चा भाऊ. खर्च आणि उत्पन्न यांची दोरी मध्येच तुटली, असा त्याचा अर्थ लावता येतो. सौदा मुळातच वाईट असेल तर तो ‘आतबट्ट्याचा’. लिलावाला नेलेल्या गाडीचे भाडेही सुटले नाही तर ते ‘अंगावर येते’. आणि व्यापारी माल उचलून पसार झाला तर पैसे ‘बुडतात’; द्राक्षपट्ट्यातील निफाड-दिंडोरीकडे हा शब्द दर हंगामाला ऐकू येतो. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये निषेध म्हणून पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले. त्या व्यवहारात काहीही हरवले नव्हते, कोणी काही गमावले नव्हते, पैसे बुडालेही नव्हते. तो निव्वळ तोटा होता.

तोटा आणि नुकसान यांत मराठी काटेकोर भेद करते, आणि त्यावर पैसे अवलंबून असतात. गारपिटीने, अवकाळीने, पुराने होते ते नुकसान. भाव पडल्याने होतो तो तोटा. नुकसान डोळ्यांना दिसते: द्राक्षांचे फुटलेले मणी, झोपलेला मांडव. म्हणून त्याचा पंचनामा होतो. २०१५ पासून पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले असेल तर शेतकरी मदतीस पात्र ठरतो. त्याआधी ही मर्यादा ५० टक्के होती. ‘नुकसानभरपाई’ हा शब्द शासकीय मराठीत आहे, ‘तोटाभरपाई’ हा शब्द नाही. तोटा ज्याचा त्याने ‘भरून काढायचा’ असतो. भावांतराची किंवा अनुदानाची मागणी होते तेव्हा शेतकरी नेमके हेच म्हणत असतो की तोट्यालाही नुकसान समजा.

‘नुकसान’ अरबी, ‘बरबाद’ फारसी, ‘हानी’ संस्कृत, ‘लॉस’ इंग्रजी. हानीच्या बाबतीत मराठीने कोणत्याही राजवटीचा शब्द परत पाठवलेला नाही. नाशिकजवळच्या भगूरचे वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, तिच्यातून ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द रुळले. परंतु ‘नुकसान’ जागचे हलले नाही. ‘हानी’ला जीवितहानी, वित्तहानी, मानहानी असे समास मिळाले आणि ती कागदावरच राहिली. बांधावर उभ्या माणसाला द्राक्षांची ‘हानी’ झाली असे सांगून पाहावे. तो क्षणभर वक्त्याकडेच बघेल.

बुडण्याचे रूपक नाशिकला शब्दशः लागू पडते. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावरून शहर पुराची तीव्रता मोजते. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, अशी ती मोजपट्टी. काठावरची दुकाने बुडतात, धंदा बुडतो, रोजंदारी बुडते, मुलांची शाळा बुडते. एकाच दिवशी एकच क्रियापद चार अर्थांनी वापरले जाते आणि पहिल्यातच खरे पाणी असते. नाशिकचे कवी कुसुमाग्रज यांची ‘कणा’ ही कविता अशाच पुराची आहे. तिच्यात घर, भिंत, चूल यांची गत सांगितली आहे. पण तोटा, नुकसान, हानी, हरवणे, गमावणे यांपैकी एकही शब्द त्यात नाही. येणारी आणि नेणारी नदी कर्ता आहे, आणि पूरग्रस्त माणूस आपल्या वाक्यांत कर्ता होतो तो पुन्हा बांधायला घेताना. या कवितेचे इंग्रजी भाषांतर ‘लॉस’ शब्द न वापरता करणे ही चांगली कसोटी ठरेल.

कार्यालयांना मात्र कर्ता नको असतो, आणि त्यांच्यासाठी ‘गहाळ’ हा शब्द आहे. फाइल गहाळ होते, गुणपत्रिका गहाळ होते, सातबाऱ्याचे जुने पान गहाळ होते. ‘हरवली’ म्हटले तर कोणाकडून, हा प्रश्न येतो. ‘गहाळ झाली’ म्हटल्यावर तो येत नाही. पोलीस ठाण्यात हा भेद आणखी टोकदार होतो. बसमध्ये मोबाइल गेला तर तक्रारदार ‘चोरीला गेला’ म्हणतो आणि नोंद ‘गहाळ’ अशी होऊ शकते. चोरीचा गुन्हा दाखल करून तपास करावा लागतो, गहाळ झाल्याची केवळ नोंद घेतली जाते. एका शब्दाने गुन्ह्याचा योगायोग होतो. ‘बेपत्ता’ या शब्दालाही कायद्याचे वजन आहे. ज्या माणसाची खबर जवळच्यांना सात वर्षे लागलेली नाही, तो मृत असल्याचे गृहीत धरता येते, ही साक्ष कायद्यातील तरतूद जुन्या कायद्यातून २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आली आहे. आणि ज्याला दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडते त्याच्यावर १८७२ च्या करार कायद्याने ती जपण्याची जबाबदारी टाकलेली आहे. सापडणे म्हणजे मिळणे नव्हे. पासपोर्ट हरवला तर नव्याची कोरी पुस्तिका जेथून येते तो छापखानाही नाशिकरोडलाच आहे.

भाषांतराच्या घाईत अलीकडे काही विचित्र वाक्ये मराठीत शिरली आहेत. घरात कोणी गेल्यावर यंत्राने अनुवादलेला संदेश येतो, ‘तुमच्या नुकसानाबद्दल क्षमस्व’. वाचणाऱ्याला क्षणभर वाटते की गारपिटीचा पंचनामा आला. मराठीत अशा वेळी ‘दुःखात सहभागी आहोत’ म्हणतात, आणि बरेचदा काहीच न बोलता भेटायला जातात. ‘आम्ही तुम्हाला गमावू इच्छित नाही’ हे मोबाइल कंपन्यांचे वाक्यही त्याच जातीचे. ग्राहक तुटतो, गमावला जात नाही.

उसने घेण्याच्या बाबतीत मराठीने ‘लूझ’ला वेगळीच वागणूक दिली. ‘लॉस’ सरळ आला: धंद्यात लॉस झाला, कंपनी लॉसमध्ये आहे, रजा शिल्लक नसली की ‘लॉस ऑफ पे’. ‘मिसिंग’ आले, ‘लूजर’ महाविद्यालयीन शिवी म्हणून आला. ‘लूज’ हा शब्दही घरोघर आहे: लूज कनेक्शन, लूज मोशन, पँट कमरेला लूज. पण तो सगळीकडे सैल या अर्थाचा, म्हणजे ‘लूस’चा मराठी उच्चार आहे. किल्ली लूज झाली असे कोणी म्हटले तर ती कुलपात हलते आहे, एवढेच मराठी माणसाला कळते.